फ्रेंच बॉम्बर : लक्ष्याच्या बाजूने पाहताना

(प्रस्तावना)

१९४० मध्ये फ्रान्सच्या हवाई दलाने अमेरिकेतल्या व्हल्टी कंपनीकडे सूर मारून बॉम्ब टाकणारी ३०० विमाने मागवली. पहिली विमाने ऑक्टोबरमध्ये हाती यायची होती. त्याआधीच, जूनमध्ये, फ्रान्स पडला. मग ३ जुलै रोजी ब्रिटनने त्याच विमानाची मागणी आपल्या नावावर नोंदवली आणि विमानाला ‘व्हेंजन्स’ हे नाव मिळाले. विमाने तयार होईपर्यंत युरोपातल्या लढाईचे रूप पालटले होते, तिथे त्यांची गरज राहिली नव्हती. ती बोटीत चढली आणि कराचीला उतरली. पुढे अराकानमध्ये आणि १९४४ च्या वसंतात इम्फाळच्या बाजूला भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनने याच विमानांतून जपानी ठाण्यांवर बॉम्ब टाकले. पुढे भारताचे हवाई दलप्रमुख झालेले प्रताप चंद्र लाल त्या सातव्या स्क्वॉड्रनमध्ये होते आणि युद्धाच्या काळातच तिचे प्रमुखही झाले. फ्रेंचांनी जर्मनांना थोपवण्यासाठी मागवलेले यंत्र भारतीय तरुणांनी ब्रह्मदेशाच्या सीमेवर चालवले, ही गोष्ट आपल्याकडच्या युद्धाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

दोन महायुद्धांच्या मधल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या फ्रेंच बॉम्बफेकी विमानांवरचे हे पुस्तक मराठीत का हवे, याचे पहिले उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. ही विमाने, त्यांचे आराखडे, त्यांचे कारखानदार आणि त्यांच्यामागचे विचार आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. विमानांच्या इतिहासाची बहुतेक पुस्तके वैमानिकाच्या खुर्चीतून लिहिलेली असतात. हे पुस्तक ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या वाचकांसमोर बसून लिहिलेले आहे, आणि इथून पाहिले की वेगळा प्रश्न समोर येतो. बॉम्ब टाकायचा तो कशावर, हे कोण ठरवते? माझ्या समजुतीप्रमाणे बॉम्बरचा आकार, त्याचा पल्ला, त्यातली माणसे आणि त्याचे यशापयश यांतले बरेच काही या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघते. फ्रान्सने वीस वर्षांत या प्रश्नाची चार-पाच वेगवेगळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तराची विमाने बांधली. म्हणून हा विषय शिकायला फ्रान्सइतका चांगला देश दुसरा नाही.

नव्या वाचकासाठी आधी मोठी रूपरेषा मांडतो.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत फ्रान्सकडे जगातले एक उत्तम दिवसा-उजेडी बॉम्ब टाकणारे विमान होते, ब्रेगे १४. लुई ब्रेगे यांनी त्याच्या सांगाड्यात ड्युरॅल्युमिन, म्हणजे अॅल्युमिनियमचा टणक मिश्रधातू, सढळ हाताने वापरला. लाकूड आणि कापड यांच्या त्या जमान्यात ही धाडसाची गोष्ट होती. टायर बनवणारी मिशेलिन कंपनीही ही विमाने बांधत होती, आणि शत्रूच्या कारखान्यांवर हवेतून हल्ला करावा असा प्रचार मिशेलिन बंधू हिरिरीने करत होते. युद्ध संपल्यावर याच ब्रेगे १४ ने टपालाच्या पिशव्या वाहिल्या. फार्मान कंपनीचे ‘गोलियाथ’ तर बॉम्बर म्हणून आखले गेले, पण शांतता आल्यावर प्रवासी विमान म्हणून नावारूपाला आले आणि नंतर पुन्हा बॉम्बर झाले. १९२० च्या दशकात लष्करी आणि नागरी विमानांत भिंत नव्हती, हे वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात ठेवावे.

याच दशकातले ब्रेगे १९ हे विमान माझ्या विशेष आवडीचे आहे. टेहळणीला आणि हलक्या बॉम्बफेकीला बांधलेले हे दोन पंखांच्या थराचे विमान लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी जगभर गाजले. १९२४ मध्ये पेलेतिए द्वाझी हा फ्रेंच लष्करी वैमानिक त्यातून पॅरिसहून टोकियोकडे निघाला. वाटेत कराची, आग्रा आणि कलकत्ता ही ठिकाणे होती. शांघायला विमान मोडले आणि उरलेली वाट त्याने दुसऱ्या विमानातून पुरी केली. १९३० च्या सप्टेंबरमध्ये कोस्त आणि बेलाँत यांनी पॅरिस ते न्यूयॉर्क हे अंतर न थांबता कापले तेही ब्रेगे १९ च्याच एका खास घडवलेल्या प्रतीतून. ते विमान आजही पॅरिसजवळच्या ल बुर्जे इथल्या संग्रहालयात पाहता येते.

पण या गौरवाच्या दशकाला दुसरी बाजू आहे, आणि लेखकाने ती टाळली नाही याचा मला आनंद वाटतो. फ्रान्सच्या विमानांनी १९२० च्या दशकात खरोखरचे बॉम्ब टाकले ते मोरोक्कोत रिफच्या डोंगरी टोळ्यांवर आणि सीरियातल्या उठावावर. ‘वसाहतींसाठी’ म्हणून विमानांचे वेगळे नमुने निघाले. मजबूत, साधे, उष्ण हवेत चालणारे, आणि समोर विरोधी विमान नसणार हे गृहीत धरलेले. ब्रिटिशांचा रिवाज वेगळा नव्हता. जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, पंजाबातल्या गुजरांवाला इथे ब्रिटिश विमानांनी लोकांवर बॉम्ब टाकले होते. वायव्य सरहद्दीवर तर ही रोजची कारभाराची पद्धत झाली. बॉम्बर या यंत्राची पहिली दीर्घ तालीम युरोपबाहेर, आपल्यासारख्या मुलखांवर झाली. ज्यांना हे माहीत नाही त्यांना १९४० च्या फ्रान्सचे दुःख अर्धेच कळते.

१९२१ मध्ये इटलीचा सेनाधिकारी जुलिओ दुए याने हवाई प्रभुत्वावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सैन्य सैन्याशी भिडत बसण्यापेक्षा थेट शत्रूच्या शहरांवर, कारखान्यांवर, रेल्वेवर आणि लोकांच्या मनावर घाव घालावा आणि युद्ध लवकर संपवावे, असा त्याचा सिद्धांत. फ्रान्समध्ये त्याचे चाहतेही होते आणि कडवे विरोधकही. भूदलाला विमान हवे होते ते तोफखान्याला मदत करायला. नौदलाला ते समुद्रावर हवे होते. हवाई अधिकाऱ्यांना स्वतःचे स्वतंत्र दल हवे होते, आणि स्वतंत्र दलाला स्वतंत्र काम लागते. ते काम दुएच्या पुस्तकात तयार होते. १९२८ मध्ये हवाई मंत्रालय आणि १९३४ मध्ये कायद्याने स्वतंत्र हवाई दल आले, ते या ओढाताणीतून.

या ओढाताणीचे अपत्य म्हणजे १९३३ ची ‘बीसीआर’ योजना. बॉम्बफेक, लढत आणि टेहळणी, तिन्ही कामे करणारे एकच विमान. नांगर, कोळपे आणि बैलगाडी यांचे काम एकाच अवजाराने करावे असे सुताराला सांगितले तर तो जे देईल, तेच कारखानदारांनी दिले. पोटेझ ५४०, अमियो १४३, ब्लॉक २००, ब्लॉक २१०. काचांचे सज्जे, कोपऱ्याकोपऱ्यात मशिनगनवाले, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग. लेखकाने या विमानांची चित्रे आणि रचना बारकाईने दिली आहेत, आणि वाचकाने त्यांच्या बेढबपणाला हसू नये. त्या प्रत्येक सज्ज्यामागे एका कार्यालयाची मागणी आहे. भूदलाला नाराज करायचे नव्हते, हवाई दलाला हक्क सोडायचा नव्हता, आणि अर्थखात्याला तीन विमानांचे पैसे द्यायचे नव्हते. लक्ष्य कोणते, हे ठरवायचे राहून गेले. विमाने मात्र बांधली गेली.

याच काळात लिओरे-ए-ऑलिव्हिए कंपनीची रात्री उडणारी बॉम्बर होती आणि फार्मानची चार इंजिनांची २२० मालिका होती. तिच्यात इंजिने एकामागे एक जोडीने बसवलेली, पुढचे ओढणारे आणि मागचे ढकलणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच फ्रान्सकडे चार इंजिनांचा बॉम्बर सेवेत होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ मध्ये, यातल्या काही विमानांना प्रत्यक्ष लढाई दिसली. आंद्रे मालरो या कादंबरीकाराने प्रजासत्ताकाच्या बाजूने एक आंतरराष्ट्रीय स्क्वॉड्रन उभी केली, तिच्यात पोटेझ ५४० होती. त्याच साली ऑगस्टमध्ये पॅरिसच्या नव्या सरकारने विमान कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण केले. हवाई मंत्री पिएर को यांच्यावर त्याबद्दल आजही टीका होते. छोटे छोटे खासगी कारखाने एकत्र करून सहा राष्ट्रीय कंपन्या केल्या, त्या घडामोडीत दोन वर्षे उत्पादन रखडले, असे एक बाजू म्हणते. त्या एकत्रीकरणाशिवाय १९३९-४० मध्ये जे उत्पादन वाढले ते वाढलेच नसते, असे दुसरी म्हणते. पुस्तकातली कागदपत्रे वाचून माझा कल दुसऱ्या बाजूकडे झुकला, पण पहिल्या बाजूचे आकडेही खोटे नाहीत.

मग नवी पिढी आली, आणि ती सुंदर होती. लिओ ४५१ चे पूर्वरूप १६ जानेवारी १९३७ रोजी पहिल्यांदा उडाले. निमुळते अंग, जोड शेपटी, ताशी पाचशे किलोमीटरच्या जवळ जाणारा वेग आणि मागे तोंड केलेली वीस मिलिमीटरची तोफ. त्याच्या जोडीला अमियो ३५४, जमिनीलगत हल्ला करणारे ब्रेगे ६९३, ब्लॉक १७४. कागदावर ही विमाने कोणाच्याही तोडीस तोड होती. मार्च १९३८ च्या ‘पाचव्या योजने’त हजारोंच्या संख्येने नव्या विमानांची मागणी होती. पण आराखड्यापासून धावपट्टीपर्यंतचे अंतर किती असते, हे फ्रान्सच्या या दोन वर्षांइतके स्पष्ट कुठे दिसत नाही. सांगाडा तयार पण प्रोपेलर नाही. प्रोपेलर आला तर रेडिओ नाही. रेडिओ बसला तर बॉम्बचा नेम धरायचे यंत्र नाही. कारखान्याच्या आवारात पूर्ण झालेली पण उडू न शकणारी विमाने उभी होती.

कमतरता भरून काढायला अमेरिकेकडे मागण्या गेल्या. २३ जानेवारी १९३९ रोजी लॉस एंजेलिसला डग्लसचे एक नवे बॉम्बर चाचणीत कोसळले आणि आत एक फ्रेंच अधिकारी होता हे उघड झाले. अमेरिका गुपचूप फ्रान्सला लढाऊ विमाने देत आहे, यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. त्या डग्लसची, मार्टिन कंपनीच्या बॉम्बरची आणि सुरुवातीला सांगितलेल्या व्हल्टीची मागणी, सारी एकाच घाईची अपत्ये.

१० मे १९४० रोजी जर्मन हल्ला सुरू झाला तेव्हा नवी बॉम्बर अगदी थोड्या तुकड्यांकडे होती. १२ मे रोजी बेल्जियममध्ये ब्रेगे ६९३ नी जर्मन मोटारींच्या रांगांवर झाडाच्या उंचीवरून पहिला हल्ला चढवला. गेलेल्या १८ विमानांपैकी निम्मीही परतली नाहीत. १४ मे रोजी सेदानजवळ म्यूज नदीवरचे पूल तोडायला रात्रीसाठी बांधलेली संथ अमियो १४३ भर दिवसा पाठवावी लागली. त्याच दिवशी तिथे ब्रिटिशांची सत्तरच्या आसपास बॉम्बर गेली होती, त्यांतली सुमारे चाळीस पडली. शौर्य कमी नव्हते. पण वीस वर्षे जे लक्ष्य कोणी नीट ठरवले नव्हते ते आता शत्रूने ठरवून दिले होते. ते होते एका नदीवरचे पूल, आणि त्यासाठी योग्य विमान, योग्य बॉम्ब, योग्य सराव यांतले काहीच पुरेसे नव्हते.

त्या पडझडीत एक विलक्षण उड्डाण झाले. ७ जूनच्या रात्री फ्रेंच नौदलाचे ‘ज्यूल व्हेर्न’ हे एकटे चार इंजिनांचे फार्मान बोर्दोहून निघाले. ते मुळात अटलांटिकवरच्या टपालासाठी बांधलेले होते. कॅप्टन दायेर आणि त्यांचे सोबती उत्तर समुद्र आणि डेन्मार्कला वळसा घालून बर्लिनवर उत्तरेकडून पोहोचले आणि बॉम्ब टाकून परतले. लहान आगलावे बॉम्ब तर दारातून हाताने टाकले. दोस्तांच्या विमानाने बर्लिनवर केलेला हा पहिला हल्ला. लष्करी परिणाम जवळपास शून्य. तरी मला वाटते या उड्डाणावरचे पुस्तकातले पान प्रत्येकाने सावकाश वाचावे.

शरणागतीनंतर फ्रेंच वैमानिक दोन्ही बाजूंनी उडाले. जर्मनीपुढे नमते घेतलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या लिओ आणि मार्टिन बॉम्बरांनी २४ आणि २५ सप्टेंबर १९४० रोजी जिब्राल्टरवर बॉम्ब टाकले. १९४१ च्या जून-जुलैमध्ये सीरियात ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय पलटणींवर ती उडाली. दमास्कसच्या वेशीवर मेझ्झे इथे पाचवी भारतीय ब्रिगेड होती, आणि युफ्रेटिसच्या काठाने देर-एझ-झोरकडे चाललेली दहावी भारतीय डिव्हिजन जनरल स्लिम यांच्या हाताखाली होती. फ्रान्सने स्वतःच्या रक्षणासाठी बांधलेल्या लिओ ४५१ च्या खाली भारतातल्या खेड्यापाड्यांतले शिपाई वाळूत पोटावर पडून राहिले. भारतीय वाचकासाठी या विषयाचे प्रत्यक्ष दार इथे उघडते, आणि लेखकाने ते पूर्ण उघडले आहे.

दुसऱ्या बाजूला शरणागती न मानणाऱ्या मुक्त फ्रान्सचे वैमानिक होते. त्यांच्याकडे फारशी फ्रेंच विमाने उरली नव्हती, म्हणून ते ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांतून लढले. ‘लॉरेन’ गटाकडे डग्लस बोस्टन होती. म्हणजे फ्रान्सने मागवलेल्या त्याच कुळातली. पुढे पंतप्रधान झालेले पिएर मांदेस-फ्रान्स आणि कादंबरीकार रोमँ गारी या गटात उडाले. १९४४ पासून इंग्लंडमधल्या एल्विंग्टन तळावरून ‘गुयेन’ आणि ‘तुनिझी’ हे दोन गट हॅलिफॅक्स बॉम्बर नेत होते, आणि त्यांची लक्ष्ये पुष्कळदा फ्रान्समध्येच होती. दोस्तांच्या बॉम्बफेकीत त्या युद्धात फ्रान्सचे पन्नास हजारांहून अधिक नागरिक मेले. आपल्याच माणसांवरून बॉम्ब घेऊन जायचे, हा भार त्या वैमानिकांच्या आठवणींत जागोजागी दिसतो.

३ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लॉरेन’ची बोस्टन विमाने पॅरिसलगतच्या शव्हीयी-लारू इथल्या वीज उपकेंद्रावर अगदी खालून गेली. राजधानीचे वीजजाळे आणि त्यावर चालणारी रेल्वे खिळखिळी करायची होती. उंचावरून बॉम्ब टाकले असते तर वस्तीत पडले असते, म्हणून धोका पत्करून खालून. परतताना वैमानिक लामी आणि त्यांच्या तीन सोबत्यांच्या विमानाला मार बसला. घरांवर पडू नये म्हणून त्या चौघांनी ते सीन नदीत घातले आणि प्राण दिले.

हे प्रकरण मी हस्तलिखितात वाचले तेव्हा मला सिद्धगड आठवणे अटळ होते, आणि पुस्तकातही ते नाव येते. १९४२ च्या शरदात विठ्ठल लक्ष्मण, म्हणजे भाई, कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. माथेरानचा हा वकील, नाभिक कुटुंबातला, नगरपालिकेत उपाध्यक्ष राहिलेला. सोबत कर्जत-मुरबाडचे शेतकरी, आदिवासी, तरुण. टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून निघणाऱ्या तारा सह्याद्रीच्या पायथ्यावरून मुंबईकडे जात, आणि त्या तारांवर गिरण्या, गोदी, रेल्वे, सगळा युद्धाचा माल चालत असे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. शव्हीयी-लारू त्यानंतर नऊ महिन्यांनी.

दोन्हीकडे लक्ष्य एकच होते. मोठ्या शहराला जिवंत ठेवणारी वीज. पॅरिसजवळ ते गाठायला दोन इंजिनांची विमाने, इंग्लंडमधला तळ, बॉम्ब, महिनोन्‌महिन्यांचे प्रशिक्षण लागले. सिद्धगडाच्या माणसांकडे करवती आणि पाय होते. दुए ज्याला शत्रूचा मर्मभाग म्हणत होता तो त्यांनी पुस्तक न वाचता ओळखला, कारण तो त्यांच्याच शेतांवरून जात होता. आणि दोन्हीकडे माणसे कोणाला इजा होऊ नये याचा विचार करत होती. सीनमध्ये विमान घालणाऱ्या चौघांचा निर्णय आणि माणसांना न मारता मनोरे पाडणाऱ्या दस्त्याची पद्धत मला एकाच जातीची वाटते. बॉम्बरच्या पुस्तकात हे का, असे कोणी विचारेल. त्याला उत्तर असे, की बॉम्बर म्हणजे लक्ष्य गाठण्याचा एक मार्ग. दुसरे मार्ग समोर ठेवल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही.

आपल्या जिल्ह्याने युद्धाची धावपट्टीही पाहिली आहे. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळीजवळ ब्रिटिशांनी युद्धकाळात विमानतळ बांधला. आसपासच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. ती जागा पुढे नौदलाकडे आली, आणि जमिनीच्या हक्काचे भांडण २०१७ च्या जूनमध्ये रस्त्यावर उसळले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहिले. शहापूरकरांना तर मोठ्या शहराच्या मर्मभागांची ओळख कोणी करून द्यायला नको. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे त्यांच्याच तालुक्यात, आणि जलवाहिन्यांच्या कडेने ते रोज चालतात. म्हणून ‘लक्ष्य’ हा शब्द इथल्या वाचकाला पॅरिसच्या किंवा लंडनच्या वाचकापेक्षा लवकर उमगेल, असा लेखकाचा विश्वास आहे, आणि माझाही.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या परंपरा तीन. पहिली यंत्रवाल्यांची. प्रत्येक नमुना, प्रत्येक इंजिन, प्रत्येक क्रमांक टिपणारी. फ्रान्समध्ये या परंपरेची निष्ठा थक्क करणारी आहे, आणि तिच्याशिवाय आज काही हाती लागले नसते, कारण १९३० च्या दशकातली ती मोठी बॉम्बर जवळजवळ सगळी भंगारात गेली. दुसरी पराभवाच्या शोधकांची. १९४२ मध्ये व्हिशी सरकारने रियों इथे खटला चालवून माजी मंत्र्यांना हवाई दलाच्या दुबळेपणाचे दोषी ठरवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून ‘कोणाचे चुकले’ हा प्रश्न इतिहासकारांना सुटलेला नाही. आधीच्या पिढीने राजकारण्यांना धरले, नंतरच्यांनी कारखाने आणि सेनापतींचे विचार तपासले. तिसरी परंपरा वैमानिकांच्या लेखनाची. सेंत-एक्झुपेरी १९४० मध्ये टेहळणी गटात ब्लॉक १७४ वरून उडाला आणि त्या अनुभवातून त्याने युद्धावरचे पुस्तक लिहिले. मालरोने स्पेनची कादंबरी लिहिली. या तिसऱ्या परंपरेचे गद्य सर्वांत सुंदर आहे, आणि म्हणून तिच्यावर सर्वांत जपून विसंबावे. वरून पाहणाऱ्याला जमीन नेहमीच सुंदर दिसते.

चौथी परंपरा, खालून पाहणाऱ्यांची, अजून तुटक आहे. कां आणि ल हाव्र या फ्रेंच शहरांतल्या रहिवाशांच्या आठवणी, रिफच्या टोळ्यांच्या कहाण्या, सीरियात लढलेल्या भारतीय शिपायांची पत्रे. हे पुस्तक या चौथ्या बाजूला उभे राहून उरलेल्या तिन्हींचे ऋण घेते. त्यात ते प्रत्येक वेळी यशस्वी होते असे मी म्हणणार नाही. इंजिनांवरची पाने सामान्य वाचकाला जड जातील, आणि वसाहतींवरच्या भागात मला आणखी तपशील हवा होता. पण दृष्टी योग्य आहे आणि मराठीत ती नवी आहे.

आज हा विषय उघडायचे कारण आपल्या समोरच उभे आहे. ब्लॉक बॉम्बर बांधणारे मार्सेल ब्लॉक ज्यू होते. १९४४ मध्ये त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. ते वाचले, आणि युद्धानंतर त्यांनी आपले नाव बदलून दासो केले. त्यांचे भाऊ भूमिगत लढ्यात वापरत असलेल्या टोपणनावातून ते आले होते. त्यांचे पहिले जेट विमान ‘उरागाँ’ भारताने १९५३ मध्ये घेतले आणि त्याला ‘तूफानी’ म्हटले. मग मिस्टेर, मिराज २०००, आणि जुलै २०२० मध्ये अंबाल्याला उतरलेले राफाल. नागपूरच्या मिहानमध्ये दासोच्या भागीदारीतला कारखाना उभा आहे आणि फाल्कन विमानांचे भाग बनवतो. आपली मुले तिथे नोकऱ्या शोधतात. १९३८ मध्ये फ्रान्सला जे प्रश्न पडले होते, तेच आज दिल्लीच्या फायलींत आहेत. आयात करावी की आपण बांधावे, सांगाडा झाला तरी इंजिन कोणाचे, एकच विमान सगळी कामे करेल का, आणि मुळात ते कशासाठी हवे आहे. यातल्या प्रत्येक प्रश्नाला फ्रान्सने दिलेली उत्तरे आणि त्यांची किंमत या पुस्तकात आहे.

आणि आता बॉम्बर माणसाविनाही उडतो. ड्रोन हा शब्द मुरबाडच्या बाजारात लग्नाच्या चित्रीकरणासाठी वापरला जातो, त्याच आठवड्यात तो युद्धाच्या बातम्यांतही येतो. वरचा माणूस नाहीसा झाला की लक्ष्य ठरवणारा आणखी लांब जातो. सीनमध्ये विमान घालण्याचा निर्णय घ्यायला आत कोणी उरत नाही.

वाचकाला एक सूचना. हे पुस्तक क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनी ब्रेगे १९ पासून सुरुवात करावी, ज्यांना राजकारणाची त्यांनी बीसीआर योजनेपासून, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सीरियापासून. गोव्याला जाणाऱ्यांनी दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जरूर थांबावे. तिथे ब्रेगे कंपनीचे ‘आलिझे’ उभे आहे. पाणबुड्या शोधायला बांधलेले हे विमान ‘विक्रांत’वरून १९६१ च्या गोवा मोहिमेत आणि १९७१ च्या युद्धात उडाले. ब्रेगे १४ बांधणाऱ्या माणसाच्या कारखान्याचे नाव त्याच्यावर आहे, आणि मुंबईहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर ते हात लावण्याइतके जवळ पाहता येते.